भाषांतर घरच्या घरी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखू लागले, म्हणून तिला जवळच्या दवाखान्यात नेले. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, आणि अहवाल एका संकेतस्थळावर ठेवला असल्याचे सांगून त्यांनी लॉगिनची चिठ्ठी आमच्या हाती दिली. मला जर्मन कामापुरते येते. भाजी, घरभाडे, रेल्वेचे तिकीट आणि कार्यालयातील बैठका इथपर्यंत ते पुरते. यकृत, प्लीहा आणि स्वादुपिंडाची चर्चा सुरू झाली की ते आटते. आई शेजारच्या खुर्चीवर बसून स्क्रीनकडे पाहत होती आणि दर अर्ध्या मिनिटाने विचारत होती, "अरे, काय लिहिलंय ते सांग की!" मी घाईघाईने ब्राउझरमधील भाषांतराचे बटण दाबले. पान क्षणात इंग्रजी झाले, काळजीचे काही नसल्याचे कळले, आईने चहा मागितला आणि विषय तेवढ्यावर संपला.

रात्री मात्र मला राहवले नाही. माझे काम वेबवरच्या प्रोग्रामिंगचे असल्यामुळे ब्राउझरच्या पोटात काय चालते हे पाहण्याची साधने हाताशी होती. नेटवर्कचा तक्ता उघडून मी तेच पान पुन्हा भाषांतरित केले. पानावरचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी बाहेरच्या एका सर्व्हरकडे जात होता आणि इंग्रजी होऊन परत येत होता. त्यात आईचे नाव होते, जन्मतारीख होती, रक्तातील साखरेचा आकडा होता आणि सोनोग्राफीचे प्रत्येक वाक्य होते. दवाखान्याने ते पान पासवर्डच्या आड ठेवले होते, चिठ्ठीवरचा कोड एकदाच चालेल अशी व्यवस्था केली होती, आणि मी पुढच्या दाराला त्यांनी लावलेले कुलूप तसेच ठेवून मागच्या खिडकीतून सगळे सामान बाहेर देत होतो. यात कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. सेवा तशीच चालते आणि अटींमध्ये तसे लिहिलेलेही असते. चूक माझी होती; बटण माझ्या ब्राउझरमध्ये आहे म्हणून काम माझ्या संगणकावर होते, असे मी व्यवसायाने प्रोग्रामर असूनही गृहीत धरले होते.

भाषांतराची विनंती ही इंटरनेटवरील इतर विनंत्यांपेक्षा वेगळी असते, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट लक्षात आले. आपण काही शोधतो तेव्हा चार शब्द देतो. भाषांतर मागतो तेव्हा पानच्या पान देतो. शिवाय परक्या देशात राहणाऱ्या माणसाला भाषांतराची खरी निकड वर्तमानपत्रासाठी नसते. ती असते आरोग्य विम्याच्या पत्रासाठी, करखात्याच्या निर्णयपत्रासाठी, व्हिसाच्या कार्यालयाने मागितलेल्या कागदांसाठी आणि मुलाच्या शाळेने लिहिलेल्या नाजूक टिप्पणीसाठी. जे पान सर्वांत खासगी, तेच समजून घेण्याची गरज सर्वांत मोठी, आणि म्हणून तेच सर्वांत आधी बाहेर पाठवले जाते. जर्मन माणूस आपला अहवाल स्वतः वाचतो आणि त्याचा अहवाल त्याच्यापाशी राहतो. भाषा न येणाऱ्याला मात्र वाचण्याची किंमत म्हणून तो तिसऱ्याला दाखवावा लागतो. पूर्वी गावात पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना सगळ्यांच्या घरातले सगळे ठाऊक असे, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की गुरुजी ओळखीचे असत.

याचे दुष्परिणाम काल्पनिक नाहीत. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने दाखवून दिले होते की तेथील स्टॅटऑइल या तेल कंपनीतील लोकांनी एका मोफत भाषांतर-संकेतस्थळावर टाकलेला मजकूर सर्वसामान्य शोधयंत्रातून कोणालाही सापडत होता. त्यात नोकरीवरून काढण्याची पत्रे, करार आणि पासवर्डसुद्धा होते. ज्यांनी तो मजकूर तिथे टाकला त्यांना गुपित फोडायचे नव्हते. त्यांना फक्त समोरचा कागद दुसऱ्या भाषेत हवा होता.

मग मी पर्याय शोधू लागलो आणि फायरफॉक्समध्ये असलेल्या भाषांतराच्या सोयीपाशी थांबलो. ती २६ सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या ११८ व्या आवृत्तीपासून ब्राउझरमध्येच अंगभूत आहे आणि तिचे सगळे काम वापरणाऱ्याच्या संगणकावर होते. तिच्यामागचा इतिहास मला तिच्याइतकाच रंजक वाटला. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या 'होरायझन २०२०' या योजनेच्या निधीतून 'बर्गामॉट' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात एडिनबरा विद्यापीठ पुढाकाराला होते आणि प्रागचे चार्ल्स विद्यापीठ, शेफील्ड विद्यापीठ, एस्टोनियातील तार्तू विद्यापीठ व फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही संस्था त्यांच्या जोडीला होती. बर्गामॉट हे लिंबाच्या जातीतले एक फळ असून अर्ल ग्रे चहाला त्याचाच वास असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. भाषांतर सर्व्हरवर न नेता वाचणाऱ्याच्या यंत्रावर चालवायचे, एवढेच त्या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. ऐकायला ते सोपे वाटते. पण भाषांतराची चांगली मॉडेल्स, म्हणजे उदाहरणांवरून भाषांतर शिकलेले प्रोग्राम, त्या काळी महागड्या ग्राफिक कार्डांवर चालत, आणि तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये ब्राउझरच्या एका टॅबला जेवढी जागा मिळते तेवढ्यात ती मावण्यासारखी नव्हती.

ज्या इंजिनावर, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रामवर, हे सारे उभे आहे त्याचे नाव 'मारियन' आहे. ते सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले आहे, आणि त्याचे नाव मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञावरून ठेवलेले आहे. जर्मन सैन्याच्या एनिग्मा यंत्राची आतली जुळणी गणिताने शोधून काढण्याचे काम रेयेव्स्की यांनी १९३२ मध्ये केले होते. भाषांतर आणि गुप्तलिपी यांचे नाते जुने आहे. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने एका टिपणात सुचवले होते की रशियन लेख समोर आला तर तो मुळात इंग्रजीतच लिहिलेला असून कोणीतरी तो अनोळखी चिन्हांत दडवला आहे असे समजावे आणि मग तो उकलायला बसावे. दुसऱ्याची गुपिते फोडणाऱ्या माणसाचे नाव धारण करणारे इंजिन आज माझ्या आईचा अहवाल माझ्या घराबाहेर जाऊ देत नाही, याची मला थोडी गंमत वाटते.

आता हे इंजिन लहान जागेत कसे बसवले, ते सांगतो, कारण या विषयातला खरा रस तिथे आहे. मोठी मॉडेल्स आणि लहान मॉडेल्स यांच्यात गुरू-शिष्याचे नाते लावले जाते. आधी मोठी, संथ आणि खर्चिक अशी गुरू-मॉडेल्स माणसांनी केलेल्या कोट्यवधी भाषांतरांवर शिकवून तयार करतात. मग या गुरूंकडून प्रचंड मजकुराचे भाषांतर करून घेतात, आणि लहान शिष्य-मॉडेलला माणसांची मूळ भाषांतरे न दाखवता गुरूने केलेली भाषांतरे दाखवून शिकवतात. हे वाचून मला दहावीची आठवण झाली. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून गाइड वाचणाऱ्या मुलांना आमचे शिक्षक रागावत. इथे मात्र गाइड वाचणेच फायद्याचे ठरते. कारण असे की एकाच वाक्याचे भाषांतर दहा माणसे दहा तऱ्हांनी करतात, कोणी शब्द गाळतो, कोणी वाक्य तोडतो, आणि लहान मॉडेलची ताकद या विविधतेचा अर्थ लावण्यातच संपते. गुरू मात्र सारख्या वाक्याला सारखेच उत्तर देतो. त्याची भाषा थोडी सपाट असते, पण ती सपाटीच शिष्याच्या कामी येते.

दुसरी काटकसर आकड्यांची आहे. मॉडेल म्हणजे शेवटी लाखो-कोटी आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा साधारणपणे ३२ बिट्समध्ये, म्हणजे शून्य-एकच्या ३२ खणांत, साठवलेला असतो. तो ८ बिट्समध्ये बसवला की जागा एक चतुर्थांश होते, आणि आजच्या प्रोसेसरांना असे छोटे पूर्णांक एकाच वेळी अनेक गुणता येत असल्यामुळे वेगही वाढतो. वाण्याने वजन ग्रॅममध्ये न सांगता पाव-अर्ध्या किलोत सांगावे, तशी ही तडजोड आहे. डाळीला ती चालते. तिसरी युक्ती अशी की पुढचा शब्द निवडताना संपूर्ण शब्दकोश चाळायचा नाही. मूळ वाक्यातील शब्दांवरून जे शब्द येण्याची शक्यता आहे त्यांचीच छोटी यादी आधी काढायची आणि तेवढ्यातून निवड करायची. या सगळ्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे सर्वांत छोटे मॉडेल सुमारे १७ एमबीचे होते. माझ्या फोनमध्ये आईच्या वाढदिवसाचा जो व्हिडिओ आहे तो याहून मोठा आहे.

हे सारे ब्राउझरमध्ये चालते ते वेबअसेंब्लीमुळे. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्राम ब्राउझरच्या बंदिस्त खोलीत जवळजवळ मूळ वेगाने चालवण्याची ही पद्धत २०१५ मध्ये जाहीर झाली आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिला डब्ल्यू-थ्री-सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. बंदिस्त खोली हा शब्द मी मुद्दाम वापरला. भाषांतराच्या इंजिनाने काही गडबड केली तरी त्याला संगणकातील इतर फायलींपर्यंत हात पोहोचवता येत नाही.

मी याची परीक्षा अगदी अडाणी पद्धतीने घेतली. एक जर्मन पान उघडले, एकदा भाषांतर करून मॉडेल उतरवून घेतले, मग दुसरे पान उघडून ते पूर्ण येऊ दिले आणि घरातला वाय-फाय बंद केला. नंतर बटण दाबले. पंखा किंचित घरघरला, दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, आणि मग समोर दिसत असलेला मजकूर इंग्रजी झाला. पान खाली सरकवले तसा खालचाही झाला. इंटरनेट नसताना पानाने भाषा बदललेली पाहून मला जो आनंद झाला तो बायकोला समजावून सांगता आला नाही. तिच्या दृष्टीने मी विनाकारण वाय-फाय बंद केला होता आणि तिची बैठक तुटली होती.

खासगीपणाच्या बाबतीत काटेकोर राहायचे तर दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. मॉडेल कुठून तरी उतरवावे लागते, आणि ज्या सर्व्हरवरून ते उतरते त्याला अमुक पत्त्यावरच्या संगणकाने जर्मन-इंग्रजीचे मॉडेल मागितले एवढे दिसू शकते. कोणते पान, कोणते वाक्य, हे दिसत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा आधीच उतरवून ठेवता येतात. मी तसे केले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या संकेतस्थळाचे पान आहे त्याला तुम्ही आलात हे ठाऊक असतेच, भाषांतर घरी झाल्याने ते लपत नाही. आणि भाषांतराची जी असंख्य एक्सटेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मिळतात त्यांच्याबद्दल माझे मत कडक आहे. सर्व पानांवरील सर्व मजकूर वाचण्याची परवानगी एखाद्या अनोळखी एक्सटेन्शनला देणे म्हणजे घराची किल्ली वाटेवरच्या माणसाला देण्यासारखे आहे, मग ते भाषांतर कितीही सुंदर करो.

भाषांतराच्या दर्जाविषयीही खरे सांगितले पाहिजे. आईचा अहवाल मी घरच्या इंजिनातून पुन्हा काढला, तेव्हा यकृतासमोर इंग्रजीत 'इनकॉन्स्पिक्युअस' असा शब्द आला. यकृत डोळ्यांत भरण्यासारखे नाही, असा त्याचा अर्थ. मूळ जर्मन शब्द 'उनआउफफेलिश' असा आहे; रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ लक्ष वेधून न घेणारा असाच होतो, पण वैद्यकीय अहवालात तो 'नॉर्मल' या अर्थाने येतो. हे मला दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एका जर्मन सहकाऱ्याने हसत हसत सांगितले. सोनोग्राफी करणारा डॉक्टर ज्या शब्दाने 'काही नाही, चला' असे म्हणतो, त्या शब्दाने मशीन रुग्णाला कोड्यात टाकते. सरकारी पत्रांतही असेच होते. 'बेशाइट' म्हणजे नुसती सूचना नसते, तो अधिकृत निर्णय असतो आणि त्याविरुद्ध हरकत घेण्याची मुदत मोजली जात असते. छोट्या मॉडेलने त्याचे 'नोटीस' केले तर वाचणारा कागद बाजूला ठेवून देतो आणि मुदत निघून जाते. म्हणून माझा नियम असा आहे की पान कशाबद्दल आहे हे मशीनकडून समजून घ्यावे, आणि ज्या वाक्यात तारीख, रक्कम किंवा अवयव आहे ते वाक्य जर्मन येणाऱ्या माणसाला विचारावे. ते वाक्य विचारताना बाकीचे पान झाकता येते, ही त्यातली सोय.

आता मराठीकडे येतो. आईला इंग्रजी वाचता येते, पण तिला मराठीत हवे होते. फायरफॉक्समध्ये ही सोय अंगभूत झाली तेव्हा त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, डच, पोलिश आणि बल्गेरियन या भाषा होत्या. भारतातील एकही नव्हती. प्रकल्पाचा पैसा युरोपचा आणि विद्यापीठे युरोपची असल्यामुळे यात तक्रार करण्यासारखे काही नाही. त्यामुळे आमच्या घरात व्यवस्था अशी लागली की जर्मनचे इंग्रजी मशीनने करायचे आणि इंग्रजीचे मराठी मी करायचे. हे करताना एक गोष्ट लक्षात आली, जी एरवी कधीच आली नसती. मशीनसुद्धा अगदी हेच करते.

फायरफॉक्समध्ये डचमधून पोलिशमध्ये पान न्यायचे असेल तर ते आधी इंग्रजीत जाते आणि मग पोलिशमध्ये. कारण हिशेबाचे आहे. दहा भाषांमध्ये प्रत्येकीतून प्रत्येकीत थेट भाषांतर हवे असेल तर ९० मॉडेल्स लागतात. मधे इंग्रजी ठेवली तर १८ पुरतात. भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा आणि इंग्रजी धरली तर थेट मॉडेल्स ५०६ होतील आणि इंग्रजीमार्गे ४४. वापरणाऱ्याच्या डिस्कवर जागा मोजून घ्यायची असताना हा फरक फार मोठा आहे, आणि मी त्या लोकांच्या जागी असतो तर मीही हेच केले असते. तरीही वाटेत काय सांडते ते पाहण्यासारखे आहे. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' असा भेद आहे. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' आहे, वर 'आपण' आहे. दोन्ही टोकांना आदर आहे आणि मधल्या इंग्रजी 'यू'मध्ये तो नाहीसा होतो. जर्मनमध्ये डॉक्टरीणबाईंसाठी वेगळा शब्द आहे, 'एर्ट्स्टिन'. मराठीत 'डॉक्टर आल्या होत्या' असे म्हणता येते. इंग्रजीतून जाताना त्या डॉक्टरांचे लिंग गळून पडते आणि पलीकडे 'डॉक्टर आले होते' असे निघते. आईला तपासणाऱ्या दोन्ही डॉक्टर बायका होत्या.

घराजवळच्या भाषांत हे नुकसान अधिक बोचते. कन्नडमध्ये वडिलांच्या धाकट्या भावाला 'चिक्कप्प' म्हणतात. मराठीत त्याला काका म्हणतात. दोन्हीकडे नाते स्वच्छ आहे, पण इंग्रजीमार्गे गेले की 'अंकल' होते आणि पलीकडे मशीन काका लिहिते की मामा, हा नशिबाचा भाग उरतो. बेळगाव-निपाणीकडची माणसे रोज या दोन भाषांतून सहज ये-जा करतात आणि त्यांना वाटेत लंडनला जावे लागत नाही. या दृष्टीने मद्रास आयआयटीतील एआय-फोर-भारत या गटाचे काम मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी २०२३ मध्ये 'इंडिकट्रान्स-टू' हे मॉडेल सर्व २२ भाषांसाठी खुले केले. त्यात मराठी आहे, कोकणी आहे, आणि भारतीय भाषेतून भारतीय भाषेत थेट जाणारी आवृत्तीही आहे. मूळ मॉडेल एक अब्जाहून अधिक पॅरामीटर्सचे, म्हणजे वर सांगितलेल्या आकड्यांचे, आहे, म्हणजे ब्राउझरच्या टॅबमध्ये बसणारे नाही; त्याची आटवलेली रूपे त्यांनी दिली आहेत, पण तीही २० कोटी किंवा त्याहून अधिक पॅरामीटर्सची आहेत. फायरफॉक्सच्या छोट्या शिष्याशी तुलना केली तर हा शिष्य अजून दसपटीहून जाड आहे. एक दिलासा असा की मराठी घरच्या घरी चालवणे अशक्य नाही, हे आधीच सिद्ध झालेले आहे. गूगलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी २०१३ मध्ये आली, आणि २०१८ पासून फोनवर मराठी उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय भाषांतर करता येते. तिथे मजकूर उचलून ॲपमध्ये टाकावा लागतो. ब्राउझरमधील पूर्ण पानाची बाब वेगळी.

पूर्ण पानाची बाब वेगळी का, ते थोडक्यात सांगतो. वेबपानातील मजकूर नुसता मजकूर नसतो. त्यात कुठे शब्द ठळक असतो, कुठे त्याला दुवा जोडलेला असतो. भाषांतर झाल्यावर ठळकपणा आणि दुवा योग्य शब्दावर परत बसवावे लागतात, आणि त्यासाठी मूळ वाक्यातला कोणता शब्द भाषांतरात कुठे गेला याचा हिशेब मॉडेलला ठेवावा लागतो. जर्मन आणि इंग्रजीत हे एक वेळ जमते. मराठीत क्रियापद शेवटी जाते, आणि इंग्रजीत सुटे असणारे चार-पाच शब्द एका शब्दात गोळा होतात. 'दवाखान्यासमोरच्यांनाही' या एका शब्दात दवाखाना आहे, समोर आहे, तिथली माणसे आहेत, त्यांना उद्देशून काही आहे, आणि शेवटी 'ही'सुद्धा आहे. मॉडेल शब्द जसेच्या तसे शिकत नाही, ते साधारण ३२ हजार तुकड्यांच्या साठ्यातून शब्द जुळवते. त्यामुळे असा शब्द त्याला तत्त्वतः घडवता येतो. पण दुवा जर फक्त 'दवाखाना' या शब्दाला असेल तर तो या लांबलचक शब्दाच्या कोणत्या भागावर टाकायचा, हे ठरवायला माणसालाही क्षणभर थांबावे लागेल.

आणि मग येतो मॉडेलला शिकवण्यासाठी लागणाऱ्या मजकुराच्या साठ्याचा प्रश्न. जर्मन-इंग्रजीसाठी एकट्या 'पॅराक्रॉल' या संग्रहाच्या नवव्या आवृत्तीत २० कोटींहून अधिक वाक्यजोड्या, म्हणजे वाक्य आणि त्याचे भाषांतर अशा जोड्या, आहेत. मराठी-इंग्रजीसाठी २०२१ च्या 'समानांतर' या संग्रहात त्या तीस लाखांहून थोड्या अधिक होत्या. पुढे साठा वाढला आहे, तरी अंतर मोठेच आहे. संख्येपेक्षाही मला त्या वाक्यांचा पोत महत्त्वाचा वाटतो. भारतीय भाषांचा जुळवलेला मजकूर कुठे मिळतो, तर सरकारी संकेतस्थळांवर, धर्मग्रंथांत आणि संगणकप्रणालींच्या मेनूंमध्ये. एडिनबरा विद्यापीठातच २०२० मध्ये तयार झालेला 'पीएम इंडिया' हा १३ भारतीय भाषांचा संग्रह तर पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील मजकुरातून केलेला आहे. मशीनची मराठी ऐकताना एखाद्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमाला बसल्यासारखे का वाटते, याचे उत्तर मला तिथे सापडले. 'पोटात कळ येऊन गेली', 'अंग मोडून आले', 'तोंडाला चव नाही' ही वाक्ये कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात नसतात, आणि आई डॉक्टरांना नेमके हेच सांगत होती.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हा सगळा परदेशातल्या लोकांचा प्रश्न वाटण्याची शक्यता आहे. मला तो उलट तिकडे मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्यापैकी किती जणांच्या हातात विम्याची पॉलिसी, बँकेच्या कर्जाच्या अटी आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत पडते, याचा विचार करावा. आमचे सासरे सांगलीला असतात; त्यांनी त्यांच्या मुदत ठेवीचे पान फोनवर भाषांतर करून वाचल्याचे मला मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा "बाबा, ते पान बाहेर कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक आहे का?" असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी विचारले नाही. त्यांना ते पान आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय समजले होते, आणि माझ्या प्रश्नाला जोडून द्यायला माझ्यापाशी तितकाच सोपा पर्याय नव्हता.

आई परत निघाली तेव्हा मी तिच्या फाइलमध्ये तीन कागद ठेवले. एक मूळ जर्मन अहवाल, दुसरा घरच्या घरी केलेले त्याचे इंग्रजी, आणि तिसरा मी हाताने लिहिलेले मराठी, ज्यात प्रत्येक आकड्यापुढे तो बरा आहे की नाही एवढेच तिच्यासाठी लिहिले होते. इंग्रजी कागदावर यकृतासमोरचा तो शब्द खोडून मी पेनाने 'नॉर्मल' असे लिहिले. तोच शब्द दोन ओळींखाली प्लीहेसमोरही होता, हे घाईत माझ्या लक्षात आले नाही. पुढच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आईने फाइल उघडून कागद कॅमेऱ्यासमोर धरला. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी आकड्यांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या, मराठी कागदाला हात लावला नव्हता, आणि इंग्रजी कागदावर प्लीहेसमोरच्या 'इनकॉन्स्पिक्युअस'भोवती लाल पेनाने गोल करून शेजारी मोठे प्रश्नचिन्ह काढले होते.